शहादेव सुनेशी बोलत नाही

आमच्या वाडीत शहादेवएवढा बोलणारा माणूस दुसरा नाही. मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो, बोलणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. पण नेकनूरला गाडीत चढलेला शहादेव मांजरसुंबा येईपर्यंत पुढच्या तीन बाकांवरच्या लोकांची सोयरीक, जमीन आणि दुखणी काढून मोकळा झालेला असे. मी तिकिटासाठी ताटकळत उभा, आणि हा मलाच दटावणार, "थांब बे कंडक्टर, पाव्हणे बोलायलेत." पाव्हणे बिचारे गप्प असायचे. बोलत हाच असायचा.

तर असा हा माणूस स्वतःच्या सुनेशी सहा वर्षांत एक शब्द बोलला नव्हता.

भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. रोहिणी चौसाळ्याची, बारावी शिकलेली, कामाला वाघीण. शहादेवला तिचं कौतुक इतकं, की तिचा विषय निघाला की हा पटका सावरून बसायचा. पण तिच्याशी बोलायचं झालं की मधे चंद्रभागाबाई लागायची. चंद्रभागाबाई म्हणजे त्याची बायको. सून तीन हातांवर भाकरी थापत बसलेली, आणि हा बायकोला सांगणार, "अगं, म्हण तिला, दूध उतू चाललं." तोवर दूध उतू जाऊन चूल विझलेली. रोहिणीही तशीच. तिनं मान खाली घालून म्हणायचं, "आत्याबाई, मामांना म्हणावं, दुसरं ठेवते."

चंद्रभागाबाई दोन्हीकडचं ऐकून घ्यायची आणि मनाला येईल तसं पुढं सरकवायची. हा म्हणाला, भाजी खारट झाली, तर ती सुनेला सांगणार, मामा म्हणतेत भाजी झकास झाली, उंद्या मीठ थोडं बेतानं टाक. तिघांनाही सगळं ऐकू आलेलं असायचं आणि तिघंही काही न ऐकल्यासारखं जेवायचे. मी एकदा तिला म्हटलं, वहिनी, तुमच्या नवऱ्याला आणि सुनेला एका खोलीत कोंडून तुम्ही आठ दिवस माहेरी जा, सुतासारखे सरळ होतील. ती हसून म्हणाली, दोघंबी उपाशी मरतील.

हे खूळ कुठून आलं ते सांगतो, नाहीतर शहादेव तुम्हाला नुसता हट्टी वाटेल. त्याचा जन्म उसाच्या फडात गेला. आधी बापाबरोबर ऊसतोडीला गेला, मग लग्न झाल्यावर चंद्रभागाबाईबरोबर बावीस हंगाम कोयता धरला. तिकडं कारखान्यावर राहायचं म्हणजे ताडपत्रीच्या कोपीत. हात पसरला तर दोन्हीकडं टेकेल एवढीच ती. एका अंगाला म्हातारा-म्हातारी, दुसऱ्या अंगाला नवरा-बायको, मधे फाटकं लुगडंसुद्धा नाही. सोळा वर्षांची चंद्रभागा त्या कोपीत आली तेव्हा शहादेवच्या बापानं ठरवून टाकलं की सुनेकडं बघायचं नाही आणि सुनेशी बोलायचं नाही. बाईमाणसाला उठता-बसता संकोच नको म्हणून. मला हे खुद्द चंद्रभागाबाईनं सांगितलं होतं. "कोपीला भित्ताड नव्हतं भाऊजी," ती म्हणाली होती, "सासऱ्याचं न बोलणं हेच माजं भित्ताड व्हतं. लई पुण्याचा माणूस."

पुढं शहादेवनं दोन खोल्या बांधल्या, ओसरी काढली, पोराचं लग्न केलं. भिंती आल्या तरी बापाचा नेम त्यानं सोडला नाही. सुनेला मान द्यायचा तो असाच, दुसरी रीत त्याला माहीतच नव्हती.

आता ड्रोनचं सांगतो. रोहिणी बचत गटाची सचिव. गटाला फवारणीचं ड्रोन मिळालं आणि ते चालवायला शिकायला कोण जाणार म्हटल्यावर बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. रोहिणीनं हात वर केला. पण घरी विचारायला हवं. नवरा युवराज सातारच्या बाजूला कारखान्यावर ट्रॅक्टर चालवतो, तो फोनवर हो म्हणाला. राहिला सासरा. त्या दिवशी मी ओसरीवरच होतो. चंद्रभागाबाईनं विचारलं, आणि शहादेवनं पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "म्हण तिला, पाठीवर पंप घेऊन आपली दोघांची पाठ गेली. तिची जाऊ नये. जा म्हण."

रोहिणी शिकून आली, परवाना घेऊन आली. मग शहादेवचं तोंड कोण धरणार? नेकनूरच्या बाजारात ओळखीच्या-बिनओळखीच्या माणसाला धरून सांगायचा, आमच्या घरातलं इमान रानावरनं उडतं. कोण चालवतं विचारलं की म्हणायचा, "हाय घरातलं माणूस." तिचं नाव त्याच्या तोंडून तिथंही निघत नसे.

सहा पंख्यांचं ते यंत्र, पोटाखाली दहा लिटरची टाकी. चंद्रभागाबाई त्याला भुंगा म्हणायची. पिकाच्या वर जेमतेम पुरुषभर उंचीवरून ते फवारत जातं. उंच आभाळात त्याला कशाचं भय नाही, त्याचं सगळं मरण खाली. लोंबलेल्या विजेच्या तारा, खांबाला दिलेले तारेचे ताण, बाभळीच्या फांद्या, अंगावर येणाऱ्या घारी, आणि लोकांनी आपल्या सोयीनं इकडून तिकडं ओढलेल्या केबली. झाड, खांब त्याला ओळखू येतो, पण बारीक तार दिसत नाही. म्हणून रोहिणी आधी रानाला चारही बाजूंनी फेरी मारायची आणि मगच उडवायची. तुरीसारखं डोक्यावर गेलेलं पीक असलं की पलीकडचं टोक दिसत नाही. तिथं एक माणूस उभा करायचा, फोनवर बोलत राहायचं, आणि मधे वीस पावलांच्या आत कुणी म्हणजे कुणी उभं राहायचं नाही, असं तिला शिकवलेलं होतं.

पलीकडच्या टोकाला कोण? अर्थात शहादेव. त्याची नजर घारीची आणि आवाज दोन शिवारं ओलांडणारा. रोहिणीनं सासूच्या हाती त्याला फोनचं कानात घालायचं ते यंत्र दिलं. पहिल्या दिवशी त्यानं ते कानात घातलं आणि थेट कानात सुनेचा आवाज आला, "मामा, आईकू येतंय का?" मी बांधावर होतो. विंचू चावल्यासारखं त्यानं ते उपसून काढलं, कान लाल झालेले, आणि बायकोच्या हातात कोंबलं. चंद्रभागाबाई म्हणाली, मी कानात काही घालून घेणार नाही, मला हाक मारता येते. मग अशी वाटणी झाली की शहादेव पलीकडच्या टोकाला, रोहिणी रस्त्याकडच्या टोकाला, आणि चंद्रभागाबाई दोघांच्या मधे, बांधावर. भुंग्याच्या घरघरीत शहादेवचा आवाज थेट सुनेपर्यंत पोचत नव्हता, आणि पोचला असता तरी तो तिला हाक मारणार नव्हता. तो बायकोला सांगायचा, बायको वळून सुनेला सांगायची.

रोहिणीला हे पटत नव्हतं. मधे उभं राहायचं नसतं, असं तिनं सासूला दोन-तीनदा सांगितलं. सासू म्हणाली, मग बोलायचं कुणी? सासऱ्यासमोर जाऊन सांगावं तर ते सहा वर्षांत कधी केलं नव्हतं. पावसाळाभर कापूस झाला, सोयाबीन झालं, काही बिघडलं नाही. त्या तिघांचा तो कारभार बघून मी पोट धरून हसायचो. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

मार्गशीर्षात तुरीवर अळी पडली. त्या सकाळी शहादेवच्या स्वतःच्या रानात फवारायचं होतं. त्याच्या पलीकडच्या बांधाला माझं रान लागून. दोन दिवसांपूर्वी माझ्या बोअरचा स्टार्टर जळाला होता, म्हणून मी ओढ्याकडच्या विहिरीवरून केबल ओढली होती, दोन उंच वेळूंवरून, शहादेवच्या रानाच्या कोपऱ्यावरून तिरकी. काळी, बोटाएवढी केबल. शहादेवला मी विचारलंही नव्हतं. आमच्यात विचारायचं काय?

त्यानं आल्या आल्या ती पाहिली. वर बघून म्हणाला, "काय बे कंडक्टर, झोका बांधलास का?" मी म्हटलं, तुझ्यासाठीच. तो हसला. तेव्हाच त्यानं सुनेला सांगायला हवं होतं. पण चंद्रभागाबाई पाण्याची कळशी आणायला घरी गेली होती. मधे माणूस नव्हतं. ती आली की सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि तंबाखूची पुडी काढली.

ती आली, नेहमीच्या जागी बांधावर उभी राहिली. एरवी चारही बांध फिरणारी रोहिणी त्या दिवशी पलीकडं गेली नाही, कारण पलीकडं सासरा होता आणि घरचं रान होतं. तिनं सासूला विचारलं, तिकडं सगळं मोकळं हाय का? सासूनं तोच प्रश्न ओरडून इकडं पाठवला. शहादेव मला कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातलं काही सांगत होता. त्यानं मागं न बघता, रोज करायचा तसा, हात वर केला.

मीही तिथंच होतो. माझी तार माझ्याच डोक्यावर होती आणि मी तंबाखू मळत होतो.

तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला भुंगा कोपऱ्याकडं वळला तेव्हा शहादेवला तार आठवली. तो जो ओरडला तसा मी त्याला कधी ऐकला नव्हता. "अगं, तार! म्हण तिला, तार हाय!" तेव्हासुद्धा तो "म्हण तिला" म्हणाला. चंद्रभागाबाई सुनेकडं वळली, तोंडापाशी हात धरले आणि तिनं निरोप दिला. रोहिणीनं यंत्र मागं ओढलं. पण तोवर त्याचा एक पंखा केबलीत गुंतला होता. ते जागच्या जागी गरकन फिरलं, केबलीतून सुटलं आणि तिरकं होऊन मधल्या बांधावर आलं. चंद्रभागाबाईची त्याच्याकडं पाठ होती.

पुढचं मी लिहीत नाही. वाडीतल्या रविराजची जीप होती, तिच्यात तिला घातली आणि दवाखान्याकडं निघालो. मागं रोहिणी, मांडीवर सासूचं डोकं, दोन्ही हातांनी मानेवर टॉवेल दाबून धरलेला. पुढं रविराज, मी आणि शहादेव. शहादेव सारखा मागं वळून बघत होता, पण विचारत नव्हता. नेकनूर मागं पडलं तसा त्यानं माझा दंड धरला आणि म्हणाला, "इचार." मी विचारलं, रोहिणी, श्वास चालू हाय का? ती म्हणाली, हाय. मी त्याला सांगितलं, हाय म्हणती. थोडं पुढं गेल्यावर पुन्हा, "इचार." पुन्हा मी विचारलं, पुन्हा सांगितलं. ती त्याच्यापासून दीड हातावर होती. मांजरसुंब्याच्या अलीकडं मी चौथ्यांदा विचारलं तेव्हा रोहिणी काहीच बोलली नाही, आणि मला पुढं सांगायला काही राहिलं नाही.

दहाव्याला, तेराव्याला माणसं जमली. शहादेवनं पोलिसांना सांगितलं, चूक माझी. पाव्हण्यांना सांगितलं, पोराला सांगितलं. मी त्याला ओढ्याकाठी धरून म्हटलं, तार माझी होती, तू एकटा कशाला डोक्यावर घेतोस? तो म्हणाला, "तार तुजी व्हती बे. डोळे माजे व्हते." त्यापुढं तो माझ्याशी तारेवर कधी बोलला नाही. केबल मी ती गेली त्याच संध्याकाळी काढून ओढ्यात फेकली होती. त्यानं काय होणार?

युवराज पंधरा दिवस राहिला आणि गेला. बायकोला दोष दिला नाही, पण जाताना म्हणाला, आता ते यंत्र हाती धरायचं नाही. गावातल्या बायकांचं तोंड तर काय, पाणवठ्यावर कुजबुज चालायची की सुनेच्या हातानं सासू गेली. रोहिणी ते ऐकून घागर भरायची आणि यायची.

आता घरात दोघंच. ती ताट वाढायची, ओसरीच्या उंबऱ्यावर ठेवायची आणि आत जायची. तो जेवायचा. भाकरी आणखी हवी तर मागायची कुणाकडं? ताटात असेल तेवढं खाऊन उठायचा. ती उरलेल्या भाकरी बघायची आणि समजायची, माझ्या हातचं त्यांना गोड लागत नाही. तो वाळत चालला, तीही. पाच माणसांचं बोलणं एकटा बोलणारा माणूस दिवसच्या दिवस ओसरीवर खांबाला टेकून बसायला लागला.

माघ लागला तेव्हा कळलं की रोहिणीचा भाऊ अंगद सोमवारी येतोय, तिला चौसाळ्याला न्यायला. परत यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. मी रविवारी बाजारला निघालो होतो, तो तसाच त्यांच्या घरी गेलो. शहादेव रानात होता. मी तिला सरळ म्हटलं, पोरी, तो तुला दोष देत नाही. साऱ्या गावाला सांगत फिरला की चूक त्याची.

"म्या दाराआडून आईकलं सगळं," ती म्हणाली. "पोलिसाला म्हणले, पाव्हण्याला म्हणले. मला न्हाई म्हणले, काका."

मी म्हटलं, ते तुझ्याशी कधी बोललेत का, मग आता कसे बोलतील?

"आधी न बोलायचे तर मला वाटायचं, माजा मान ठेवतेत. आता बोलत न्हाईत तर वाटतं, तोंड बगायचं न्हाई माजं. मला कसं कळावं कोणतं खरं? सांगायला आत्याबाई न्हाईत. त्यांच्या तोंडून एक डाव आईकू दे, मंग म्या कुठं जात न्हाई."

मी तडक रानात गेलो. तूर काढून झाली होती, नुसते खुंट राहिले होते, आणि हा मधल्या बांधावर बसला होता, जिथं चंद्रभागाबाई उभी राहायची तिथं. मला फार बोलता येत नाही, रागावता येतं. मी त्याला नाही नाही ते बोललो. म्हटलं, तुझ्या बापानं भिंत म्हणून न बोलणं धरलं होतं, तू त्याची पोरीवर समाधी बांधायला निघालास. उद्या ती गेली तर घरातल्या दोन्ही बायका तूच घालवल्यास असं समज. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"जीब उचलत न्हाई बे," तो म्हणाला. "बोलावं म्हणून चुलीपाशी जातो. कावून कोण जाणे, पाणी पिऊनच माघारी येतो."

मग त्या रिकाम्या रानात, म्हातारे दोघं, आम्ही तिचं नाव घ्यायचा सराव केला. हसू नका. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा तो खाली मातीकडं बघत म्हणाला, "रोहिणी." मग मला म्हणाला, चल, इसरायच्या आत.

घरी आलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. आतल्या खोलीत भिंतीशी तिची भरलेली बॅग. ती चुलीपाशी होती. सासऱ्याची चाहूल लागली तशी उठून पदर सावरून बाजूला उभी राहिली. चुलीच्या उजव्या हाताला चंद्रभागाबाई बसायची ती जागा सारवलेली, रिकामी. तिथं रोहिणी बसत नसे, हे मला तेव्हाच कळलं. शहादेव चौकट धरून उभा राहिला. मी मागं ओसरीत. त्यानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. मग त्यानं हळूच तोंड फिरवलं आणि त्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाला,

"अगं, म्हण तिला, तार म्या सकाळीच बगितली व्हती. तू आली की सांगू म्हणलं, आन् इसरलो. म्हण तिला, तिचा काय कसूर न्हाई. आन् म्हण, जाऊ नको."

मला इतका संताप आला की त्याची बखोटी धरावी. एवढं शिकवून आणला आणि हा परत तिथंच. मी पुढं पाऊलही टाकलं. पण रोहिणीकडं नजर गेली आणि मी थांबलो. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. तीही सासऱ्याकडं बघत नव्हती. तीही त्या रिकाम्या जागेकडंच बघत होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "मामांना म्हणावं, आईकू आलं मला."